खांबांवरची घरं

नीलपर्ण अपार्टमेंट, उधना, सुरत
२९ जून १९९७

चि. दत्तू,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, तुम्हीही असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सौ. उज्ज्वलाने पाठवलेलं मेतकूट पोचलं, चव छान जमली आहे. ह्यांचा गुडघा आता बरा आहे. सध्या हे बडोद्याला लेकाकडे, आदित्यकडे गेलेत, हवापालट म्हणून. मी शाळेतून निवृत्त झाले तरी दुपारी दोन मुली गणिताला येतात. झाली खुशाली.

आता मला तुझ्याशी भांडायचं आहे.

फोनवरच भांडले असते, पण एसटीडी बूथमध्ये मागे माणसं ताटकळत असतात, आणि तू दर वाक्याला 'ताई, ऐक ना' म्हणून मला तोडतोस. कागदावर तुला मध्ये बोलता यायचं नाही.

जबलपूरच्या भूकंपानंतर तिथल्या इमारती तपासायला तुम्ही इंजिनिअर मंडळी गेला होतात. तिथून पुण्याला सरळ न जाता तू वाट वाकडी करून इकडे उतरलास. मी आमरस केला होता, तो तुझ्या वाटीत तसाच राहिला. मला वाटलं, प्रवासाने दमलाय. मग हे जरा आडवे झाल्यावर तू म्हणालास, "ताई, खाली चल." पार्किंगमध्ये सेक्रेटरी ठाकोरभाईंच्या मारुती गाडीशेजारच्या खांबावर हात ठेवून तू मला जे सांगितलंस, ते मी तुलाच परत सांगते. चुकत असेन तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, वरच्या चारही मजल्यांवर खोल्याखोल्यांना विटांच्या भिंती आहेत, त्यामुळे ते चार मजले मिळून एका पेटीसारखे ताठ झालेत. तळमजल्यावर गाड्या लावायच्या म्हणून भिंती नाहीत, नुसते खांब. जमीन हलली की वरची पेटी स्वतः वाकत नाही, अख्खीच्या अख्खी बाजूला सरकते, आणि सगळं वाकणं या खांबांवर येतं, डोक्याशी आणि पायाशी. तिथे खांब वाकला तरी तुटता कामा नये. ते जमतं आतल्या रिंगांमुळे. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ हव्यात, आणि त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली हवीत. रिंगा लांब लांब असल्या आणि टोकं नुसती काटकोनात मोडून सोडलेली असली, तर बाहेरचं काँक्रीट उडाल्याबरोबर रिंग उघडते, सळया फुगून बाहेर येतात आणि खांब खाली बसतो. तसे फुटलेले खांब तू जबलपूरला पाहिलेस.

मी विचारलं, "आणि हे खांब?"

"तसेच आहेत."

"तुला काय माहीत?"

"मीच काढलेत ना, ताई."

यावर मी रागावले नाही, हे लक्षात ठेव. नीलपर्णचं काम तुला मिळालं तेव्हा तू नोकरी सोडून नुकतंच ऑफिस थाटलं होतंस. इथला बिल्डर चार कामं देतो म्हणाला, तू घेतलीस. तेव्हा सगळे इंजिनिअर असंच काढत होते आणि नगरपालिका असंच पास करत होती. माझ्याही हातून वर्गात चुकीची रीत शिकवली गेली असेल. माणूस पुढे शिकतो. तेव्हा तुला कळत नव्हतं, एवढंच ते आहे.

माझा राग तुझ्या त्यानंतरच्या वाक्यावर आहे. "तुम्ही हा फ्लॅट विकून टाका. फार बोलबाला करू नका. जमेल तितक्या लवकर."

मी म्हटलं, सोसायटीला सांग. तू म्हणालास, नकाशावर माझं नाव आहे. पुण्यात दोन मोठी कामं हातात आहेत, ती जातील. आणि कदाचित इथे कधी भूकंप होणारही नाही.

कदाचित होणार नाही, म्हणून बाकीच्यांनी राहावं. कदाचित होईल, म्हणून आम्ही निघावं. दत्तू, एकाच गणिताला दोन उत्तरं कुठून आणलीस? वर येऊन तू बॅग उचललीस आणि मला वाकून नमस्कार केलास. तोवर मला नीटसं उमगलंच नव्हतं.

उमगलं ते गिऱ्हाईक आल्यावर. फ्लॅट विकायचं ह्यांच्याही कानावर तू घातलं होतंसच. ह्यांनी बँकेतल्या जुन्या ओळखीतून गिऱ्हाईक आणलं, आणि दारात उभे कोण, तर बन्सीलाल आणि सरलाबाई. नवागामला राहतात, मूळचे अमळनेरकडचे. बन्सीलाल सचिन भागातल्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात सुपरवायझर झालाय. त्यांचा कुंदन सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. जन्म सगळा पत्र्याच्या छपराखाली गेलेला. सरलाबाईने आमच्या स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, बंद केला, परत सोडला. मग ओट्यावरून हात फिरवत मला म्हणाली, "बाई, आठे उभं राहीसन सयपाक व्हई!" तिची आई, ती, सगळ्याजणी आजवर खाली बसून चुलीशी वाकलेल्या.

हे तिकडे बन्सीलालशी व्यवहाराचं बोलत होते. जवळजवळ शब्द देऊन झाला होता. मी बाहेर आले आणि सांगून टाकलं, जसं तू मला सांगितलं होतंस तसंच. भूकंप आला तर खालचे खांब टिकायचे नाहीत, घेऊ नका.

तुला वाटेल त्यांनी माझे आभार मानले असतील. सरलाबाईचा चेहराच बदलला. ती म्हणाली, "आम्ही मिलवाला शेतस म्हणीसन आम्हले घर देवानं नही, सरळ सांगा ना बाई. खांबस्ना आड काब्र लपतस?"

मी म्हटलं, घर द्यायचं नाही म्हणून खांबांची सबब सांगत नाही गं, खरंच धोका आहे.

"मंग तुम्ही कशा राहतस आठे? तुमना जीवले भ्याव नही, आमनाच जीवले शे? आमना पोऱ्याले तुम्ही शिकाडं, पन शेजार म्हणीसन आम्ही नको."

बन्सीलालने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना त्याने मला हात जोडले. ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर घरात जे झालं ते लिहीत नाही.

तर आता असं. १३ जुलैला, रविवारी, सोसायटीची मीटिंग आहे. तू यायचंस. भाऊ म्हणून ये, न ये, माझी हरकत नाही. इंजिनिअर म्हणून यायचंस. काय चुकलंय ते सांग आणि ते कसं सुधारायचं तेही सांग, कारण सुधारता येतं हे तूच म्हणाला होतास. कानाडोळा केलास तर मी एकटी बोलेन.

विजया


१४ जुलै १९९७

दत्तात्रय,

तू आला नाहीस. मी बोलले.

काय झालं ते ऐक. मीटिंग पार्किंगमध्येच होती, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. आधी पाण्याच्या मोटरचा विषय झाला. मग मी उठले आणि खांबाशी जाऊन सगळं समजावलं. वर्गात समजावते तसंच, सावकाश, कुठे डोकं, कुठे पाय, रिंगा कशा उघडतात. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हसत म्हणाले, "बेन, सुरतमां रेल आवे, प्लेग आवे. धरतीकंप ते वळी क्यां आव्यो?" पूर येतो, प्लेग येतो, भूकंप इथे कुठला, म्हणे. सगळे हसले. सेक्रेटरी ठाकोरभाई हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "विजयाबेन, आवी वात बहार ना करो. मकानना भाव तूटी जशे."

म्हणजे त्यांना पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच बाहेर जायला नको होतं. तुझ्यासारखंच.

मग कोणीतरी विचारलं, हे सांगितलं कोणी? इंजिनिअरचं नाव सांगा. मी तुझं नाव घेतलं. ही इमारत त्यानेच काढली, हेही सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची तरुण मुलगी, जिला सातवा महिना आहे, ती खांबापासून दूर सरकली. नुसती दोन पावलं. जिन्याखाली गेली, जणू तिथे जास्त सुरक्षित असतं. ते पाहून मला रडू आलं आणि मी बसले.

ठाकोरभाई म्हणाले, तुमचे भाऊ आहेत ना, मग ते स्वतः का आले नाहीत?

आज सकाळपासून जिन्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. एकजण म्हणाली की विजयाबेनला शेजारचा फ्लॅट स्वस्तात घ्यायचाय म्हणून ही अफवा. मी ऐकलं आणि घरात आले.

आता मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते. हे बडोद्याला हवापालटाला गेलेले नाहीत. सरलाबाई घर बघून गेली त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. लग्न झाल्यापासून कधी झालं नव्हतं असं. हे म्हणाले, "जन्मभर बँकेत मान मोडून एक घर केलं. तेवढंच आहे आपल्याजवळ. तू एका वाक्यात त्याची माती केलीस." यात खोटं काय होतं? काहीच नाही. मी एवढंच म्हटलं की सरलाबाईला हे घर विकून मी बडोद्यात झोपू शकणार नाही. ते म्हणाले, "मग इथेच झोप." दुसऱ्या दिवशी गेले. जाताना गुडघ्याचं तेल विसरले. मी ते पोस्टाने पाठवलं आणि सोबत एक ओळ लिहिली नाही. त्यांनीही पाठवली नाही.

आणि काल मीटिंगनंतर आदित्यचा फोन आला. त्याच्याकडून कळलं की तू ह्यांना बडोद्याला फोन केला होतास. "भाऊजी, ताईला समजवा, तिला यातलं काही कळत नाही," असं म्हणालास.

मला कळत नाही? मग त्या दुपारी खाली उभा राहून तू कोणाला सांगत होतास, खांबाला? मला सगळं कळावं म्हणून तू तीन तीनदा समजावलंस. मला कळलं म्हणून तर पंचाईत झाली तुझी. लहानपणी तुला पाढे मी म्हणायला लावलेत दत्तू, आणि बाबा गेल्यावर तुझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मी शिकवण्या केल्या. हे मी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते. तुला लाज वाटावी म्हणूनच दाखवते.

तू घाबरलास हे मी समजू शकते. पण माझ्या नवऱ्याला माझ्यामागे लावून देण्याइतका?

तू येणार नसशील तर कळव. इथे दुसरा इंजिनिअर मिळेल. तो खांबाचं काँक्रीट फोडून आत बघेल, आणि तुझ्याबद्दल जे बोलायचं ते मग तो बोलेल. मी मध्ये पडणार नाही.

आलास तर माझ्या घरी उतरू नकोस.

विजया


१८ जानेवारी १९९८

चि. दत्तू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण घरात धूळ, कानात हातोडे आणि डोक्यात तू.

कामाची हकीकत आधी. शेवटच्या खांबाचं काम गुरुवारी झालं. तू काढून दिलंस तसंच. जुनं काँक्रीट सळईपर्यंत फोडून काढलं, बाहेरून नव्या सळया पायापासून वर पहिल्या मजल्याच्या तुळईपर्यंत नेल्या, त्यांना जवळजवळ रिंगा, टोकं आत वळवलेली, आणि वरून नवं काँक्रीट. खांब आता दांडगे दिसतात. चारही बाजूंना खांबांच्या मधल्या काँक्रीटच्या भिंती नोव्हेंबरातच उभ्या राहिल्या होत्या. खालचा मजलाही आता वरच्यासारखा ताठ होईल आणि सगळं वाकणं एकट्या खांबांवर यायचं नाही, असं तू सांगितलं होतंस. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. ठाकोरभाईंच्या गाडीची जागा एका भिंतीत गेली. मारुती रस्त्यावर कापड पांघरून उभी असते. ते रोज वैतागतात आणि रोज भिंतीवर पाणी मारलं की नाही तेही बघतात.

हे दिवाळीत आले. आदित्य सोबत होता. खांब तेव्हा फोडलेले होते. हे रिक्षातून उतरून तिथेच उभे राहिले. दोन रिंगांच्या मधल्या जागेत ह्यांनी हात घातला, अख्खा पंजा आत गेला. वर आल्यावर म्हणाले, "हे आधी दाखवायचं होतंस मला." मी म्हटलं, दाखवायला खांब फोडावा लागतो. आमचं बोलणं सुरू झालंय. पूर्वीसारखं अजून नाही.

आता तुझं. ऑगस्टात तू आलास त्याबद्दल मी तुला काहीच लिहिलं नव्हतं. तू स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलास, माझं म्हणणं अक्षरशः पाळलंस, त्याचाही मला रागच आला. पण मीटिंगमध्ये तू उभा राहिलास. सगळ्यांसमोर म्हणालास, "ही इमारत मी काढली. रोजच्या वापराला ती ठीक आहे, भूकंपाला नाही. तेव्हा मला कळत नव्हतं. जूनपासून कळतंय आणि मी गप्प बसलो." हे शेवटचं वाक्य तुला कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा नवरा तुझ्या अंगावर धावून आला, तेव्हा तू मागे सरला नाहीस. मी खुर्चीवर बसून पाहत होते. उठून तुझ्याजवळ यावंसं वाटलं आणि आले नाही. ते आज लिहिते.

पुण्यातलं एक काम गेलं असं तुझ्या पत्रात आहे. वाईट वाटलं. तू कुरकुर केली नाहीस, तेही पाहिलं.

इथेच पत्र संपवता आलं असतं. तूही तशीच वाट पाहत असशील, की ताई आता निवळली.

मागच्या आठवड्यात कुंदन पेढे घेऊन आला. बन्सीलालने पर्वत पाटियाला फ्लॅट घेतला, संक्रांतीनंतर वास्तुशांत होती. "आईनी सांगेल शे, बाईले लईच येजो." मी गेले. चार मजले आणि खाली मोकळं. एका बाजूला साड्यांचं दुकान, काचेचं, बाकी सगळ्या स्कूटरी. मी दारातच थबकले. नीलपर्णच्याच बिल्डरचा माणूस तिथे सरबत घेत उभा होता, त्याने मला ओळखलं. मोठ्या आनंदाने म्हणाला, "अरे बेन, आ पण तमारा भाईनुंज डिझाइन छे!"

म्हणजे हीही तुझीच. मी वर गेले. पूजा झाली, जेवणं झाली. सरलाबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मग मी निघाले तर जिन्यात मागून आली. नवं लुगडं, हातात पानाचा विडा. तो मला दिला आणि माझा हात सोडला नाही.

"बाई, त्या दिवसले मी तुम्हले नको ते बोलनू. पन तुम्हनाकडे आते खांब बांधतस अशी कुंदन सांगस. मंग ते खरंच व्हतं." मग खाली पार्किंगकडे बघून म्हणाली, "आठे बी तसाच शेतस का? खरं सांगज्यात."

वर पाहुणे हसत होते, कोणीतरी तिला हाक मारत होतं. दत्तू, मी त्या जिन्यात तिला हो म्हटलं. तिच्या वास्तुशांतीच्या दिवशी. ती पायरीवर बसली. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "मंग बलावा ना तुमना भाऊले."

ऑगस्टात मी तुला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो राहून गेला. तू खरं बोललास याचंच मला इतकं बरं वाटलं की पुढचं सुचलं नाही. बिल्डरने तुला चार कामं देतो म्हटलं होतं. नीलपर्ण हे त्यातलं एक. बाकीची कुठे आहेत? तुला ती तोंडपाठ असणार. आमचे खांब फोडले जात होते तेव्हा रोज तुला त्या इमारती आठवत असणार, आणि तू मला पत्रात पुण्याच्या थंडीबद्दल लिहीत होतास. उज्ज्वलाच्या भिशीबद्दल लिहीत होतास!

आमच्या घरी तू जूनमध्ये धावत आलास, कारण इथे तुझी बहीण राहते. तिथे राहत नाही, एवढाच काय तो फरक. ते खांब माझे असते तर तू एक रात्रही थांबला नसतास.

मी आता थांबणार नाही. पर्वत पाटियाच्या सेक्रेटरीला मी परवा भेटले आणि तुझा पुण्याचा पत्ता दिला. त्याला मराठी येत नाही, तो गुजरातीत लिहील, कोणाकडून तरी वाचून घे. बन्सीलाल त्याच्याबरोबर सही करणार आहे. उरलेल्या दोन इमारतींची नावं तू मला कळव, नाहीतर मी बिल्डरच्या माणसाकडून काढीन. तो सांगेल, त्याला तुझा फार अभिमान आहे.

या वेळी लॉजवर उतरायची गरज नाही. ह्यांनी बाहेरच्या खोलीतली खाट रिकामी करून ठेवली आहे. जेवण मी करीन. पण सामान ठेवलंस की आधी पर्वत पाटियाला जायचं, मग जेवायचं. सरलाबाई विचारेल ते सगळं तिला नीट सांगायचं, तिच्या भाषेत जमेल तसं, आणि तुला यातलं काय कळतं असं तिला म्हणायचं नाही.

उज्ज्वलाला आणि मुलांना अनेक आशीर्वाद. तुझे मी राखून ठेवले आहेत. चारही इमारतींचं काम झालं की घेऊन जा.

विजयाताई